लिव्हरवरची कॉलर

पोरी,

रविवारी गणित अर्ध्यावर टाकून तू रडायला लागलीस आणि मी नुसता खिडकीबाहेर बघत बसलो. तुला वाटलं असेल, नाना वैतागले. वैतागलो होतोच, पण तुझ्यावर नाही. "मला येतं, पण तिसऱ्या पायरीला पोचेपर्यंत पहिल्या पायरीत काय निघालं तेच डोक्यातून जातं," असं तू म्हणालीस. अगदी हेच माझ्या मुलाने तीस वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं. मी त्याच्या कानाखाली वाजवली होती.

जळगावच्या डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, सांगितल्यापासून तू एकच विचारतेस, मी आळशी आहे की मंद? दोन्ही नाहीस. यावर मी जास्त शाई घालवणार नाही.

जे बिघडतं ते नीट समजून घे. काम चालू असताना लागणारी गोष्ट काही क्षण डोक्यात धरायची आणि तिच्यावर काम करायचं, याला वर्किंग मेमरी म्हणतात. ही साठवणीची कोठी नव्हे. तुझी कोठी भरलेली आहे, गेल्या मोसमातले केळीचे भाव तू बापाच्या आधी सांगतेस. वर्किंग मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. त्या वेळी लागतं तेवढंच त्यावर मांडायचं. १९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी धरतो असं मांडलं. २००१ मध्ये नेल्सन कोवनने तो आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे वर्गात पहिल्या येणाऱ्या पोराचाही ओटा एवढुसाच. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांचा तो आणखी लहान असतो (सगळ्यांचा नाही), आणि लक्ष जरा हललं की मांडलेलं सांडतं.

आठवीपर्यंत हुशारीवर निभावलं. तू वर्गात उड्या मारत नव्हतीस, खिडकीजवळ गप्प बसायचीस, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. मुलींचं असं फार होतं. अकरावीत गणिताच्या पायऱ्या वाढल्या, यावलची एसटी, प्रॅक्टिकल, क्लास सगळं एकदम अंगावर आलं आणि ओटा पुरेना. त्यातून मेंदूचा पुढचा भाग, जो हे सगळं सांभाळतो, तो कुणाचाही पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या वरच्या थराची वाढ त्याच क्रमाने, पण सरासरी तीन वर्षं उशिरा होते, असं अमेरिकेत २००७ साली झालेल्या अभ्यासात दिसलं. उशिरा होते, पोरी. होत नाही असं नाही.

आता माझं ऐक. डोक्यात ठेवू नकोस, बाहेर ठेव.

मी उभा जन्म भुसावळकडच्या स्टेशनांवर मास्तरकी केली. लाइनीवर गाडी उभी असली की त्या लाइनीच्या सिग्नलच्या लिव्हरला, म्हणजे सिग्नल ओढायच्या दांड्याला, आम्ही कॉलर घालायचो, म्हणजे एक अडकवायचं कडं. हात चुकून गेला तरी कॉलर आडवी येते. शेजारच्या स्टेशनाने गाडीला लाइन दिली, म्हणजे गाडी सोडायला परवानगी दिली, की खूण म्हणून ते एक आकडा सांगायचं, प्रायव्हेट नंबर; तो आम्ही उलटून म्हणायचो आणि रजिस्टरात लिहायचो. रात्री तीनला, मे महिन्यात, भिंती अजून तापलेल्या असताना. माणूस हुशार आहे म्हणून रेल्वेने कुणाला कॉलर माफ केली नाही. हजार माणसं गाडीत झोपलेली असताना कुणाच्या आठवणीवर कोण विसंबेल?

आणि हाच मी घरी येऊन मुलाला दारातूनच चार कामं सांगायचो. दूध आण, दळण टाक, काकांना निरोप दे, येताना खिळे आण. तो दूध घेऊन यायचा. मी ओरडायचो, कान कुठे ठेवतोस? स्टेशनवर लिहिल्याशिवाय हलत नव्हतो, आणि दहा वर्षांच्या पोराच्या हातात एक चिठ्ठी दिली नाही. तेव्हा हा आजार इकडे कुणाला माहीत होता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरंही आहे. रात्रपाळी होती, पगार थोडा होता, तेही खरं. पण चिठ्ठी लिहायला आजाराचं नाव माहीत असावं लागत नाही. आता त्याचा फोन येतो, तब्येत विचारतो, आणि ठेवतो.

म्हणून तू "लिहायची सवय लागली तर डोकं आणखी कमजोर होईल" म्हणालीस तेव्हा माझा आवाज चढला. कुणी घातलं हे तुझ्या डोक्यात? परीक्षेतही कागद देतात ना? पानाच्या कडेला कच्च्या कामाची रेघ मार. प्रत्येक पायरीचं उत्तर तिथे लिही आणि भोवती गोल कर. तो गोल म्हणजे तुझी कॉलर. घरी कुणी तीन कामं सांगितली तर थांबव त्यांना, म्हण लिहून घेते. आईलाही थांबव, मलाही. एसटीचा पास दप्तरात नको, चपलेशेजारच्या खुंटीला असू दे, म्हणजे चप्पल घालताना तो डोळ्यांना दिसेल.

ते आठवण वाढवायचं अ‍ॅप काढून टाक. असे खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो. अभ्यासात किंवा रोजच्या लक्षात फारसा फरक पडत नाही, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून लोकांनी पाहिलंय. गोळीचं डॉक्टर, तू आणि आईवडील मिळून ठरवा. बऱ्याच जणांना लक्ष टिकवायला तिने मदत होते, तिला भिऊ नका. पण गोळी घेतलीस तरी गोल करायचे सोडायचे नाहीत. डोक्यात ठेवू नकोस. किती वेळा सांगू?

रविवारी ये. अर्धं राहिलेलं तेच गणित घेऊ. वही विसरलीस तरी माघारी जाऊ नकोस, तुझ्यासाठी दुसरी आणून दाराजवळच्या खुंटीला अडकवलीय.

तुझा,
नाना