तो एएनए रिपोर्ट आधी लेकीच्या हातात द्या

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला बारा वर्षांपासून ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आहे, मुलगी बीएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पुढे पीएचडी करून ल्युपस पेशंटच्या ऑटोअँटिबॉडी, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी, पेशीतल्या नेमक्या कुठल्या प्रोटीनला चिकटतात त्यावर काम करायचंय, आणि तुम्ही विचारताय की हे खूळ डोक्यातून काढून तिला एखाद्या बिनताणाच्या नोकरीकडे कसं वळवू. पण खरी गोष्ट तुम्ही शेवटच्या चार ओळींत लिहिलीय. ती तापाने आजारी होती तेव्हा बाकीच्या रक्ततपासण्यांबरोबर तुम्ही तिची एएनए, म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी तपासणी, पण करून घेतली, ती १:८० पॉझिटिव्ह आली आणि गेले आठ महिने तो रिपोर्ट तुमच्या कपाटात साड्यांखाली आहे. तिला पत्ताच नाही.

करिअरचं नंतर बोलू. तिच्याच रक्ताचा रिपोर्ट तिच्यापासून लपवायचा आणि त्यावरून तिचं पुढचं आयुष्य ठरवायचं, हे चुकलंय ताई, स्पष्टच सांगते. तुमची भीती कळते मला, सांधे धरलेल्या सकाळी आणि स्टेरॉइडची वर्षं तुम्ही काढलीत, ते लेकीच्या वाट्याला येऊ नये असं वाटणारच. पण घरात रोज वाद होतात म्हणता ना, त्या वादात ती काय ऐकत असेल याचा विचार करा, तिला वाटतंय आईला माझी कुवतच दिसत नाही, आणि तुम्ही भांडताय एका कागदाशी जो तिने पाहिलेलाच नाही.

आणि त्या कागदाचा अर्थही तुम्ही चुकीचा लावलाय. एएनए कशी करतात, तर काचेच्या स्लाइडवर माणसाच्या पेशी असतात, त्यांवर पातळ केलेलं सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरलेला द्रव) टाकतात, धुतात, मग चमकणारा हिरवा रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, केंद्रकं हिरवी चमकली की पॉझिटिव्ह. १:८० म्हणजे सीरम ८० पट पातळ केलं तरी चमक दिसली, एवढंच. १९९७ साली वेगवेगळ्या देशांतल्या लॅबनी मिळून निरोगी लोकांचं सीरम तपासलं होतं, त्यात १:४० ला ३० टक्क्यांच्या वर आणि १:८० ला सुमारे १३ टक्के पॉझिटिव्ह निघाले, धडधाकट माणसं होती ती. पेशंटच्या सख्ख्या नातेवाइकांत हे प्रमाण आणखी जास्त सापडतं. ल्युपसच्या वर्गीकरणाचे २०१९चे निकष आहेत त्यातही १:८० हा फक्त उंबरठा आहे, पुढे लक्षणं आणि बाकी तपासण्यांचे मिळून किमान १० गुण भरावे लागतात. आता काही पेशंटच्या रक्तात आजार दिसायच्या कित्येक वर्षं आधी अँटिबॉडी सापडलेल्या आहेत हेही खरंय, म्हणूनच हा रिपोर्ट कपाटात नको, रुमॅटॉलॉजिस्टच्या, म्हणजे संधिवात-ल्युपससारखे आजार बघणाऱ्या डॉक्टरांच्या, टेबलावर पाहिजे, आणि समोर खुर्चीत ती पाहिजे.

शिवाय किती दिवस लपवणार? ज्या कामाला तिला जायचंय तिथे पेशंटच्या सीरमशेजारी तुलनेसाठी नॉर्मल सीरमची स्लाइड लागतेच, आणि नवी मुलं कधीकधी हौसेने स्वतःचंच रक्त देतात. एका संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून ती एकटी बसलेली असेल आणि जी स्लाइड काळी दिसायला हवी तीच फिकट हिरवी दिसेल. असं कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे.

"प्रोटीन शोधून पेशंटला काय मिळणार" असं तुम्ही विचारलंय. ताई, तुमच्या फाइलमध्ये अँटी-एसएम, अँटी-रो, अँटी-ला लिहिलेलं असेल बघा, या अँटिबॉडींची नावं ज्यांच्या रक्तात त्या पहिल्यांदा सापडल्या त्या पेशंटच्या नावांवरून पडलीत. १९७९ साली मायकेल लर्नर नावाच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या गाइड जोन स्टाइट्झ यांनी ल्युपस पेशंटचं सीरम वापरून पेशीतले छोटे आरएनए (डीएनएचे भाऊबंद असलेले रेणू) आणि त्यांना बिलगलेली प्रोटीनं बाहेर ओढून काढली, आणि त्यातून पेशी आरएनएची काटछाट करून जोडणी कशी करते याचा माग लागला, प्रत्येक माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीत चालणारं काम ते. पेशंटलाही मिळतंच की, कुठलं प्रोटीन हे माहीत आहे म्हणून तर अँटी-रो असलेल्या गरोदर बाईच्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर डॉक्टर पोटात असतानाच लक्ष ठेवतात. रिकामटेकड्यांचं काम नाहीये हे.

एमएस्सी, प्रवेश परीक्षा, फेलोशिप, हा रस्ता तिला माहीत असणारच. मी तिला दोनच गोष्टी सांगेन. एक, पाच-सहा वर्षं पीएचडी आणि नंतरही काही वर्षं कच्च्या नोकऱ्या, ताण आहेच, आणि प्रोटीन ओळखायला हल्ली मास स्पेक्ट्रोमेट्रीचा (रेणूंचं वजन मोजून ते ओळखायच्या पद्धतीचा) ढीगभर डेटा येतो तेव्हा थोडं कोडिंग आत्ताच शिकायला घे. दुसरी गोष्ट जरा कडू आहे. आईला बरं करायचं म्हणून जात असशील तर थांब. एका पीएचडीतून एखाद्या प्रोटीनचा एखादा तुकडा कळतो, आई बरी होत नाही, आणि हे ओझं घेऊन गेलीस तर दुसऱ्याच वर्षी कोसळशील. सुट्टीत दोन महिने एखाद्या इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये काढ, ब्लॉट (प्रोटीन ओळखायचा एक प्रयोग) चार वेळा फसल्यावर पाचव्यांदा लावावासा वाटतो का ते बघ.

हे तिला वाचायला द्या, पण रिपोर्ट दिल्यानंतर. आणि लॅब कशी निवडायची वगैरे पुढचे प्रश्न असतील तर ते तिलाच लिहू द्या.