आगीच्या चाचण्यांमध्ये करिअर : मुलीला थांबवावं का?

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घातक रसायनं नेणाऱ्या रेल्वे टँकरचं आगीपासून रक्षण करणारी जी आवरणं असतात, त्यांच्या चाचण्यांचं काम तिला करायचंय. मला ते धोक्याचं आणि फारच अरुंद क्षेत्र वाटतं. तिला थांबवावं का?

उत्तर : थांबवू नका.

धोक्याची काळजी आधी दूर करतो. या चाचण्यांसाठी रसायनाने भरलेला टँकर पेटवावा लागत नाही. अमेरिकेच्या नियमांत सुमारे 16 मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटवर आवरण बसवून समोरून 871 अंश सेल्सिअसच्या आसपासची आग देतात. प्लेटच्या मागे किमान नऊ थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, असतात. 100 मिनिटांत त्यातल्या एकानेही 427 अंश ओलांडले, तर आवरण नापास. आवरण नसलेली प्लेट तिथवर साधारण 13 मिनिटांत पोचते. दुसऱ्या प्रकारची, म्हणजे एकाच जागी जोराने येणाऱ्या झोताच्या आगीची चाचणी आणखी कडक आहे : सुमारे 1204 अंश, 30 मिनिटं.

मिनिटांना एवढं महत्त्व का, हे तिला नक्की विचारा. आगीत सापडलेल्या टँकरमध्ये आतून द्रव टेकलेला असतो तिथलं पोलाद फारसं तापत नाही. वर वाफ असते तिथलं तापून कमजोर होतं, आणि आतला दाब तर वाढलेलाच असतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून वायू निघून जातो तशी द्रवाची पातळी उतरते आणि कोरडा भाग वाढतो. 1973 मध्ये ॲरिझोनातल्या किंगमनला आगीत सापडलेला प्रोपेनचा रेल्वे टँकर फुटला, त्यात 11 अग्निशामक जवान गेले. आवरणामुळे मिळणारा वेळ माणसांना लांब न्यायला मिळतो. म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं.

क्षेत्र अरुंद आहे, हे खरं. पण उष्णता संक्रमण आणि तापमानाचं काटेकोर मापन ज्याला येतं, त्याला प्रेशर व्हेसल (दाबाखालच्या टाक्या), फायरप्रूफिंग, बॅटरी सुरक्षा इथेही काम असतं. त्यामुळे हाताशी पर्याय असावा म्हणून औद्योगिक सुरक्षेच्या (सेफ्टीच्या) डिप्लोमाची घाई आत्ता नको. तो नंतरही करता येईल.

स्वभावाचा विचार मात्र करा. तीच चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. पहिल्या प्रकारात, म्हणजे 100 मिनिटांच्या चाचणीत, तर सलग तीन यशस्वी चाचण्या लागतात. उत्पादकाने कितीही घाई केली, तरी अहवालात ‘नापास’ लिहायची तयारी हवी.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिने मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतल्या भट्टीत आवरण लावलेली छोटी प्लेट एका बाजूने तापवावी, थर्मोकपल स्वतः बसवावेत आणि मोजलेल्या तापमानाचा आलेख गणिताने काढलेल्या आलेखाशी ताडून पाहावा. दोन्हींत फरक येईलच. तो का आला हे शोधण्यात ती रमली, तर टेस्टिंग लॅबकडे इंटर्नशिपचा अर्ज खुशाल करू द्या.