भाकरी एक, पण केवढी?

"चौदाशे कॅलरीच्या वर एक घास जात नाही मॅडम, तरी काटा हालंना. मोजूनच खाऊलोय की ओ!"

बेळगावच्या खासबागेतले यंत्रमागवाले गृहस्थ. वय ४४, वजन ८४ किलो. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी सहा किलो उतरवायला सांगितलं होतं. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये रोजचं खाणं लिहून दोन महिन्यांत उतरले ४०० ग्रॅम. मोजून खातो तरी वजन का उतरत नाही, हा प्रश्न आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणाऱ्याच्या मनात धाकधूक असते, की आता मॅडम आपल्याला खोटारडा ठरवणार.

तसं नसतं. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्यांचं खाणं तपासलं, तर ते सांगत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं. तुमचंही तसंच असेल, एवढंच मी त्यांना म्हटलं. पुढच्या खेपेला घरची वाटी, घरचा चमचा आणि आईंना सांगून एका भाकरीचं कोरडं पीठ डब्यात घालून आणा.

डबा काट्यावर ठेवून आधी शून्य केलं, मग पीठ ओतलं. ८५ ग्रॅम. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण ३४० कॅलरी, म्हणजे ही भाकरी २९० ची. अ‍ॅपमध्ये 'भाकरी, १ नग' म्हणून ११० लागले होते. अ‍ॅपवाल्याने कुठली चिमुकली भाकरी पाहिली कोण जाणे, आपल्याकडची ताटाबाहेर जाते. दिवसाला तीन भाकऱ्या, म्हणजे ५४० कॅलरी इथेच बेहिशोबी.

वाटीत पाणी भरून तोललं, तर २४० ग्रॅम, म्हणजे २४० मिली. अ‍ॅपची वाटी १५० ची.

"आणि शेंगाची चटणी?"

"चटणी काय जेवण असतंय व्हय?"

पोह्याचा चमचा शीग लावून भरला की २० ग्रॅम चटणी बसते. दाण्याच्या हिशोबानं शंभरावर कॅलरी, वरून तेलाची धार घेतली तर चहाच्या चमच्यामागे आणखी ४०. दोन्ही वेळच्या जेवणात ती होतीच, नोंदीत एकदाही नव्हती.

भाताची गंमत उलटी. शिजलेला भात १५० ग्रॅम तोलायचा आणि अ‍ॅपमध्ये कच्चा तांदूळ निवडायचा, त्यामुळे १९५ च्या जागी ५२० दिसायचे. भात 'लई दाखवतंय' म्हणून तो बंद करून ते भाकरीवर आले होते! साऱ्या नोंदीत अचूक सापडला तो रविवारचा कुंदा (खव्याची मिठाई), कारण दुकानदारानं तो १०० ग्रॅम तोलून दिला होता.

तेल मात्र ताटात मोजता येत नाही. म्हणून तेलाची किटली सकाळी आणि रात्री तोलायला सांगितली. तीन दिवसांची सरासरी १४० ग्रॅम आली. खाणारे चौघं, म्हणजे माणशी ३५ ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी धरा. सगळी बेरीज २२०० च्या घरात गेली तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच हसले.

मेथी, काकडी, कोशिंबीर तोलत बसू नका, असं मी सगळ्यांनाच सांगते. पीठ, तांदूळ, तेल, दाणे, गोड, एवढंच तोला. तेही पंधरा दिवस, नंतर डोळा तयार होतो. एका मुलीला रात्री काकडीच्या फोडी तोलताना पाहून तिच्या आईनं माझ्याकडे आणलं होतं. तिथे मी पहिल्या दिवशीच काटा काढून घेतला.

खरी अडचण खासबागेच्या स्वयंपाकघरात निघाली. काटा ओट्यावर दिसताच आई भडकल्या. "पोराच्या घासाला सोनाराचा काटा? काय मोजूलास रं?" पुढच्या भेटीत त्या स्वतःच आल्या. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या काळी पीठ कशानं मोजायचात?"

"माप काय कमी होती व्हय? शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं." निळवं म्हणजे शेराचा सोळावा भाग. त्यांच्या माळ्यावर पितळेचं एक अजून होतं.

दोन दिवसांनी घासून लख्ख केलेलं निळवं माझ्या टेबलावर आलं. मावशींनी पिशवीतलं पीठ त्यात भरलं, कडेवरून बोट फिरवून शीग काढली आणि माझ्याकडे न बघता काट्यावर उपडं केलं. ५८ ग्रॅम.

"एवढ्याची भाकरी थापली तर बशीएवढीच हुतीया," त्या म्हणाल्या. "एका वेळेला दोनच्या जागी तीन मागंल बघा."

"मागू देत. तीन झाल्या तरी तुमच्या जुन्या दोनच्या वर फारशा जात नाहीत."

त्यांनी बोटांवर हिशोब केला आणि सांडलेलं पीठ पदरानं टिपून घेतलं.