पंचेचाळीस हजार भरायचे का?

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा एस.वाय.बी.ए.ला आहे, पाच हजार मीटर पळतो. एका संस्थेचं पत्र आलंय, की काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी त्याची भारतीय संघात निवड झाली असून आठ दिवसांत 45 हजार रुपये भरावेत. पैसे पुढे सरकारकडून परत मिळतील आणि प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण मिळेल, असं फोनवर सांगतात. द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : उचल घेऊ नका. पत्र पुन्हा वाचा. निवड कुठल्या मैदानावर, कुठल्या चाचणीत झाली, हे त्यात लिहिलंय? नसेल तर ती निवडच नव्हे. भारताचा मैदानी संघ भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघ निवडतो. जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेला विद्यार्थी पाठवते ती असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, आणि तिथे पोचायचं तर आंतरविद्यापीठ स्पर्धेत चमकावं लागतं. 2023 साली चीनमधल्या चेंगडूला झालेल्या या स्पर्धेतून आपल्या विद्यार्थ्यांनी 26 पदकं आणली, त्यांत 11 सुवर्ण.

मी 31 वर्षं कॉलेजात खेळ शिकवला. माझी एक पंधराशे मीटरवाली मुलगी आईच्या कुड्या मोडून अशाच स्पर्धेला शेजारच्या देशात गेली होती. शर्यतीत तिघीच, आणि तिघीही आपल्याच राज्यातल्या! पदक घेऊन आली, गावाने हलगी लावून मिरवणूक काढली. दोन वर्षांनी भरतीच्या वेळी प्रमाणपत्र क्रीडा उपसंचालकांकडे पडताळणीला गेलं आणि अवैध ठरलं. पोरगी खरंच चांगली पळायची हो. त्यानंतर तिने स्पाइक्स पायात घातले नाहीत. ते मला आजही सलतं.

अशी मंडळी ऑलिंपिक पदकविजेते पैलवान खाशाबा जाधवांचं नाव हमखास घेतात. 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते, त्यांच्या गोळेश्वर गावाने वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, हे सगळं खरं. पण खाशाबांनी कुस्त्या मारून संघात जागा मिळवली होती, पैशांची अडचण त्यानंतरची. तुमच्या पत्रात पैसे आधी आहेत आणि कुस्ती कुठेच नाही.

सरकारी मदतीचंही तसंच. केंद्राचा निधी मान्यताप्राप्त महासंघांना मिळतो. राज्याच्या अर्थसाहाय्यासाठीही संघटनेची मान्यता आणि अधिकृत निवडपत्र लागतं. सांगलीला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पत्र दाखवा, या संघटनेला मान्यता आहे का ते विचारा. उत्तर लेखी मागा, तोंडी नको.

मुलावर मात्र रागावू नका. परदेशी पळायला जायचं त्याच्या मनात आलं, ते मला फार आवडलं. विद्यापीठाच्या शर्यतीत त्याने किती वेळ दिली, ते मला कळवा. ती बघून यंदा कुठल्या स्पर्धेत उतरवायचं ते सांगते.