तुम्हाला ‘नाही’ कोण म्हणालं?

“मॅडम, इथं स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय, पण आपण पडलो परके. काही चुकलं तर व्हिसाच जायचा.”

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींशी मी समुपदेशक म्हणून ऑनलाइन बोलते. त्यांच्याकडून हे इतक्यांदा ऐकलंय की ‘पण’ आला की पुढचं मला पाठ असतं. अशा सगळ्यांसाठी मीनलची गोष्ट लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहायला तिची संमती आहे.

मीनल चौतिशीची, एमबीए झालेली. लग्नाआधी बँकेत चांगल्या नोकरीवर होती. नवरा इंजिनिअर, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, स्टुटगार्टजवळ नोकरीला. ती आली होती झोप लागत नाही म्हणून. दिवस सरत नाही, लेकीवर विनाकारण ओरडते, मग रात्रभर तेच डोक्यात. सुरुवातीची सत्रं त्यातच गेली. एकदा बोलता बोलता तिनं लेकीसाठी शिवलेल्या फ्रॉकचा विषय काढला आणि तिचा आवाज बदलला. किती घेर धरला, अस्तर कुठून आणलं, सगळं भराभर सांगायला लागली. माणसाचा आवाज जिथं उठतो तिथं मी थांबते. दुखतंय कुठं हे विचारून जेवढं कळतं, त्याहून जास्त मला इथं कळत आलंय.

“याचाच व्यवसाय करावासा वाटतो?”

“वाटून काय उपयोग? आम्हाला परवानगी नाही.”

“तुम्हाला ‘नाही’ कोण म्हणालं?”

“नियमच आहे तसा. ह्यांच्या ऑफिसात सगळ्यांना माहितीये.”

मी वाद घातला नाही. भीतीशी वाद घातला की ती अजून चार मुद्दे काढते. पुढच्या वेळी स्वतःचं रेसिडेन्स कार्ड हातात घेऊन बसा, एवढंच सांगितलं.

तिनं कार्ड आणलं, सोबतचा कागदही आणला आणि मोठ्यानं वाचला. तिला नोकरी किंवा व्यवसाय, कमाईचं कुठलंही काम करायला मुभा आहे, असं त्यावर स्वच्छ छापलेलं होतं. ऑफिसातली मंडळी खोटं बोलत नव्हती, पण ती स्वतःबद्दल बोलत होती. ब्लू कार्ड नोकरीसाठी मिळतं. त्यावरच्या माणसाला जोडीनं स्वतःचा धंदा करायचा तर आधी आउसलेंडरबेहोर्डं, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी लागते. कुटुंब म्हणून मागून आलेल्या जोडीदाराला मात्र कायदाच कामाचा हक्क देतो, आणि त्यात स्वतःचा व्यवसायही येतो. म्हणजे या बाबतीत मीनल नवऱ्यापेक्षा मोकळी होती. नवऱ्याचा नियम ती चार वर्षं स्वतःवर घेऊन बसली होती.

मला वाटलं होतं, ती हसेल. ती पांढरी पडली.

हा क्षण मी पुन्हा पुन्हा पाहिलाय आणि त्यानंच मला या कामातलं सर्वांत जास्त शिकवलंय. अडथळा दूर झाला की माणूस मोकळा होतो असं आपण धरून चालतो. पण अडथळा अनेकदा काहीतरी झाकत असतो. तो निघाला की खालचं उघडं पडतं. म्हणून मी अभिनंदन केलं नाही, पुढची पायरीही सुचवली नाही. बराच वेळ दोघी गप्प होतो. मग तोच प्रश्न परत विचारला.

“आता ‘नाही’ कोण म्हणतंय?”

“...आई.”

“काय म्हणाली?”

“म्हणेल ना! एमबीए केलंस, बँकेतली नोकरी सोडून जर्मनीला गेलीस, ते लोकांच्या पँटी आखूड करायला?”

“म्हणेल की म्हणाली?”

“तिला अजून सांगितलंच नाहीये.”

आणि ती रडली, खूप दिवसांचं साठलेलं. व्हिसाची भीती हे घरच्या लाजेवर घातलेलं पांघरूण होतं. व्हिसाचं कारण कुणालाही सांगता येतं, त्यात कमीपणा नाही. ‘आईला काय वाटेल’ हे चौतिशीत स्वतःशीसुद्धा कबूल करणं जड जातं. तिची झोप उडाली होती ती या न झालेल्या संभाषणामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

धीर आला की करेन, असं लोक म्हणतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. छोटं काहीतरी करावं, धीर मागून येतो. जर्मनीत गावोगावी रिपेअर कॅफे भरतात. हौशी मंडळी तिथं लोकांच्या बिघडलेल्या वस्तू विनामोबदला दुरुस्त करायला मदत करतात. मीनल तिथं सुई-दोरा घेऊन बसायला लागली. तिचं जर्मन बेताचंच, पण चेन, अस्तर, कंबर एवढे शब्द आले की काम भागत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एका आजीबाईंनी कोट हातात घेत विचारलं, तुमचं दुकान कुठं आहे? त्या रात्री तिनं आईला फोन केला.

आई गप्प झाली. पुढचे दोन आठवडे फोन आटोपते राहिले. मीनलला ते लागलं, पण झोप मात्र लागत होती. मग एक दिवस आईनंच विचारलं, मशीन कुठलं घेणार आहेस?

आता तुमच्यासाठी. भीतीचे दोन ढीग करा. ज्यांचं उत्तर एखाद्या कार्यालयाकडे आहे ते प्रश्न एकीकडे, उरलेले दुसरीकडे. पहिल्या ढिगाचं उत्तर मित्रांच्या ग्रुपवर शोधू नका. ज्याच्या-त्याच्या कार्डावर वेगळं असतं. शिक्षणासाठी आलेल्यांनी तर आधी परवानगी विचारायचीच. उत्तर ईमेलनं, लेखी घ्या. जर्मनीत मापाचे कपडे शिवायला किंवा आखूड-सैल करायला माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, पदवी लागत नाही, पण सलून किंवा बेकरी काढायची तर साधारणपणे लागते. गेवेर्बेआम्ट म्हणजे व्यवसाय कार्यालयात नोंदणी, कारागिरीचं काम असेल तर हांडव्हेर्क्सकामर या कारागिरांच्या मंडळात नोंद, आणि मग करखात्याचा फॉर्म एल्स्टर या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर. आदल्या वर्षीची उलाढाल 25,000 युरोच्या आत असेल तर छोटा व्यावसायिक म्हणून विक्रीकर न लावण्याची सोय मिळते. ग्राहक घरी येणार असतील तर घरमालकाला आधी विचारा.

एका गोष्टीकडे बायका हमखास दुर्लक्ष करतात. सरकारी आरोग्य विम्यात तुम्ही नवऱ्याच्या नावावर मोफत असाल, तर उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर किंवा व्यवसाय हेच मुख्य काम झाल्यावर स्वतःचा विमा भरावा लागतो. मर्यादा दरवर्षी बदलते, विमा कंपनीला विचारून हिशेब आधीच मांडा. हा खर्च अचानक समोर आला की घरात भांडण होतं आणि खापर बायकोच्या धंद्यावर फुटतं. असे संसार मी पाहिलेत.

दुसरा ढीग कुठल्याच खिडकीवर नेता येत नाही. त्यासाठी कागदावर माणसाचं नाव लिहा. सासरे, भाऊ, जुना वर्गमित्र, जो कुणी असेल तो. पुढे लिहा: खरंच म्हणाला, की म्हणेल असं वाटतंय? ‘वाटतंय’ आलं तर आधी त्या माणसाशी बोला, नोंदणी नंतर. आणि नवऱ्यांनो, बायको हा कागद घेऊन आली तर त्यावर आपलं नाव आहे का, ते जरूर बघा. मीनलच्या नवऱ्याचं नाव नव्हतं. उलट करखात्याचा फॉर्म भरताना तो रात्री तिच्याशेजारी शब्दकोश घेऊन बसला.

तिची नोंदणी गेल्या वसंतात झाली. गावातल्या एका ड्रायक्लीनरकडे पँटी आणि पडद्यांचं काम येतं, त्यातलं ती करते. कमाई अजून थोडीच आहे. आमची सत्रं थांबली आहेत. मध्ये तिचा ईमेल आला होता, ग्राहकाचा कोट खराब झाला तर भरपाईचा विमा घ्यावा का, म्हणून. हा पहिल्या ढिगातला प्रश्न आहे, असं कळवून मी तिला विमा सल्लागाराकडे पाठवलं.