इंजिनात नवीन पिस्टन रिंगा टाकताना सिलिंडर घरीच होन (आतली भिंत घासून बारीक रेघा पाडणं) करता येतो का?

येतो, पण आधी बोअर गेजने (बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीचा, व्यास मोजायचं साधन) वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी माप घ्या. बोअर निमुळता किंवा अंडाकृती झाला असेल, तर होनिंगने तो सरळ होत नाही. मग ब्लॉक रीबोअरलाच (पोकळी मोठ्या मापाला कापून घ्यायला) द्यायचा. निकासिल कोटिंग (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर) असेल तर दगडाचा होन लावूच नका.

लोखंडी बोअर मापात असेल, फक्त गुळगुळीत झाला असेल, तर बॉल होन (टोकांना घासणारे गोळे असलेला, ड्रिलला लावायचा ब्रश) पुरतो. ड्रिल मंद ठेवा, तेल सढळ घाला आणि फिरत्या होनला चपळाईने वरखाली करा. रेघांची जाळी साधारण ४५ अंशांची दिसायला हवी. रेघा आडव्या पडल्या तर हात सुस्त चाललाय. होन बाहेर काढतानाही फिरता ठेवा, नाहीतर उभा ओरखडा पडतो. काही सेकंदांचं काम आहे, हौसेने घासत बसू नका.

खरी मेहनत धुण्यात आहे, आणि लोक नेमकी तिथेच कसर ठेवतात. पेट्रोलने कुरुंदाची पूड निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घ्या. नंतर तेलात भिजवलेलं पांढरं फडकं आत फिरवा. राखाडी डाग उमटला तर पुन्हा धुवा. वाळताच लगेच तेल लावा, गंज चटकन धरतो.