जुन्या जिप्सीच्या मागच्या चाकातून गुरगुर आणि ड्रमखाली तेल: बेअरिंग टाकून भागेल का?

तुमची १९९८ ची मारुती जिप्सी किंग, चाळीसच्या पुढे मागून गुरगुर, डाव्या ड्रमखाली ओल, आणि मेकॅनिक म्हणतो ‘नवं बेअरिंग टाकून देऊ’. त्याचं निदान बहुधा बरोबर आहे. पण नुसतं बेअरिंग टाकून घेऊ नका, ते का गेलं हे शोधल्याशिवाय नवंही टिकणार नाही.

आधी ती ओल बोटावर घ्या. चिकट आणि गंधकासारख्या उग्र वासाची असेल तर गिअर ऑइल, म्हणजे अ‍ॅक्सलचं सील गेलंय. पातळ आणि पाण्याने धुऊन जाणारी असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय आणि ते वेगळं काम आहे. लायनर भिजले असतील तर पेट्रोलने धुऊन परत लावू देऊ नका. दोन्ही चाकांचे बदला.

आता आवाज. मड टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, क्राउन-पिनियनचा (मागची चाकं फिरवणाऱ्या मधल्या गिअरचा) अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बदलतो. बेअरिंगचा मात्र गाडीच्या वेगाबरोबर चालतो. लांब उजव्या वळणावर वजन डाव्या चाकावर येतं, तेव्हा गुरगुर वाढली तर डावं बेअरिंग समजा. मग सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, डावी बाजू जॅकने उचलून अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल. टायर वर-खाली धरून हलवा. ठक जाणवलं तर बेअरिंग संपलंय. ठक नसेल तर एका हाताने चाक फिरवत दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवा. बेअरिंगची खरखर पाट्यात स्पष्ट येते.

खोलताना चाक आणि ड्रम काढून ब्रेक पाइप सोडवतात, बॅकप्लेटचे (ड्रममागच्या प्लेटचे) चार नट काढतात आणि स्लाइड हॅमरने, म्हणजे दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या हातोड्याने, चाकाचा शाफ्ट प्लेटसकट बाहेर ओढतात. बेअरिंग शाफ्टवर प्रेसने बसवलेलं असतं आणि त्याच्यामागे एक लोखंडी रिंग. चाकासकट शाफ्ट गाडीबाहेर येऊ नये म्हणून जे काही आहे ते हीच रिंग. जुनी रिंग ग्राइंडरने पातळ करून छिन्नीने फोडतात, शाफ्टला चर पडू न देता. ती परत वापरायची नसते, कारण एकदा निघाली की तिची पकड गेली. नवी रिंग प्रेसवर जोर न लागता सरकली तर शाफ्टची बैठक झिजलीय, शाफ्टच बदला. काही ठिकाणी अशा शाफ्टला पंचाचे ठोके मारून किंवा रिंगला वेल्डिंग करून भागवतात. कृपा करून याला होकार देऊ नका, घाटात चाक निघून जाऊ शकतं. बेअरिंग बसवताना जोर आतल्या रिंगवरच यायला हवा. बाहेरच्या रिंगवर दाबलं किंवा हातोडीने ठोकलं तर छर्‍यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून बोलतं. पुण्याजवळ भोसरीत प्रेस असलेली वर्कशॉप्स आहेत, शाफ्ट तिथे घेऊन जा.

सील जिथे टेकतं तिथे शाफ्टवर नख फिरवा. नख अडकलं तर नवं सीलही गळेल.

सामान पुण्यात नाना पेठेत मिळेल. जुन्या बेअरिंगवरचा नंबर जुळवून घ्या आणि डुप्लिकेटपासून जपा. एसकेएफचं घेतलंत तर त्यांच्या ‘ऑथेंटिकेट’ अ‍ॅपवरून खोक्याचे फोटो पाठवून खात्री करता येते.

आता मूळ कारण. पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीकडे ओढे ओलांडता ना? चालून तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छोट्या तोंडातून), सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर उलटही होतं: तापल्यावर आतला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर पडतं. अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर साफ करा, त्याला रबरी पाइप लावून तो बॉडीपर्यंत वर न्या. खर्च किरकोळ आहे, आणि माझ्या मते अख्ख्या कामात सगळ्यात मोलाचा भाग हाच.

जोडून झाल्यावर ब्रेकची एअर काढायला सांगा, ८०डब्ल्यू-९० जीएल-५ ऑइल लेव्हल प्लगपर्यंत भरा. उजवी बाजू उघडायची की नाही, हे जुनं ऑइल काढताना ठरवा. दुधाळ निघालं तर पाणी अख्ख्या हाउसिंगभर फिरलंय, दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि सील एकदमच करून घ्या.